प्रकल्प नोंदी: बावीसचे पंचवीस करताना

४ मे, सोमवार

आजपासून आमच्या डिस्क-कार्डाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड आणि लिनक्स यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रामचे, एरर कोड हातात घेतले. तिकिटावर अंदाज तीन दिवसांचा. तो मीच फेब्रुवारीत दिला होता, तेव्हा डोकंही थंड होतं आणि खोलीही. आज परसोडीच्या आयटी पार्कात चहाच्या टपरीपर्यंत चालत जाऊन आलो तर शर्ट पिळून काढावा लागला.

कामाचं मूळ: एका ग्राहकाकडे डिस्कवरचा एक सेक्टर खराब झाला आणि त्यापायी अख्खा व्हॉल्यूम बसला. एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. आमच्या ड्रायव्हरची सवय अशी, की खाली काहीही होवो, डिस्क वाचता न येवो, केबल निघो, कार्ड वेळेत उत्तर न देवो, वर एकच निरोप: आयओ एरर, कोड ५. वर मल्टिपाथ बसलेला आहे, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे दोन रस्ते सांभाळणारा थर. त्याला वाटतं रस्ता बिघडला. तो हा रस्ता बंद करून तीच मागणी दुसऱ्या रस्त्याने धाडतो. सेक्टर तोच, त्यामुळे तिथूनही ५. दुसरा रस्ताही बंद. पाच सेकंदांनी तपासणी होते, रस्ते ठणठणीत सापडतात, ते चालू होतात, अडकलेली मागणी पुन्हा निघते, पुन्हा दोन्ही बंद. 'रस्ता नसेल तर मागणी धरून ठेव' ही त्यांची सेटिंग, म्हणून हे रात्रभर चाललं. साप डिस्कमध्ये, आणि धोपटताहेत भुईला.

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१७ पासून, म्हणजे ४.१३ आवृत्तीपासून, ब्लॉक ड्रायव्हरने थेट एरर नंबर द्यायचा नसतो, एक स्टेटस द्यायचा असतो: मीडियम (डिस्कवरचा भागच खराब), ट्रान्सपोर्ट (रस्ता खराब), टार्गेट, टाइमआउट, जागा नाही, वगैरे. त्याचा नंबर पुढे ब्लॉक लेयर, म्हणजे डिस्कच्या मागण्या हाताळणारा कर्नलचा थर, स्वतः करतो. मल्टिपाथ हाच स्टेटस बघतो. मीडियम, टार्गेट, जागा नाही, सोय नाही, आरक्षणाचा वाद, अशा काहींना तो रस्त्याचा दोष मानत नाही. बाकी सगळं रस्त्याच्या नावावर मांडतो. ४.१३ वर जाताना आम्ही घाईत सगळीकडे सरसकट आयओ एरर चिकटवला, आणि 'नंतर बघू' लिहून ठेवलं. ते 'नंतर' आज उगवलं.

नोंदी देवनागरीत ठेवतोय, कोड आकड्यांनीच लिहीन. नावं उच्चारायला लागलो तर जीभ दुखते.

५ मे, मंगळवार

सोपं आधी. आयऑक्टलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने डिव्हाइसला खास कमांड देण्याच्या कॉलमध्ये, अनोळखी कमांड आली तर आमचा ड्रायव्हर २२ देतो. २२ चा अर्थ 'कमांड कळली, पण दिलेली माहिती चुकीची'. कमांडच माहीत नसेल तर २५ हवा. २५ चं नाव टर्मिनलवरून पडलंय. जुन्या युनिक्सवर त्याचा संदेश 'हा टाइपरायटर नाही' असा यायचा. हे टीममधल्या आमच्या धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे भाऊ, डिस्क म्हणून राहिली की मी टाइपरायटर नाही?" हो, तेच म्हणते ती, आजही, फक्त शब्द बदललेत.

ब्लॉक लेयरच्या कोडमध्येच पूर्वी एक टिप्पणी होती: गोंधळलेले ड्रायव्हर कधीकधी २२ देतात, ते चूक आहे, असे ड्रायव्हर दुरुस्त करावेत. २०१२ मध्ये कर्नलने स्वतःचंही घर आवरलं होतं. 'मला ही कमांड कळत नाही' हा आतल्या आत वापरायचा ५१५ यूजरस्पेसकडे, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांकडे, जाताना २२ व्हायचा, तो २५ केला. तेव्हा आपणही करावं, यात चर्चा कसली.

एका ओळीचा पॅच. चार वाजता टेस्टिंगला दिला.

६ मे, बुधवार

चेकपॅच ही कर्नलची पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवली तर ओरडली: ५२४ वापरू नका, ९५ वापरा. 'सोय नाही' म्हणायला आमच्याकडे तीन ठिकाणी ५२४ आहे. हा नंबर एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमच्या अंतर्गत वापराचा, बाहेर यायलाच नको. बाहेर आला तर सी लायब्ररीला त्याचं नावच माहीत नसतं. प्रोग्राम बिचारा 'अननोन एरर ५२४' छापतो. नावांचा फरक एका 'पी'चा, त्यामुळे ही चूक जगभर होते. तिन्ही बदलले. "५२४ शी तुलना करणारा कोणी असूच शकत नाही, त्याला धड नाव नाही," असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

८ मे, शुक्रवार

टेस्टिंगच्या ताई दोन गोष्टी घेऊन आल्या.

पहिली: आमच्याच सपोर्टची एक शेल स्क्रिप्ट जुनं फर्मवेअर (कार्डातला प्रोग्राम) ओळखण्यासाठी आउटपुटमध्ये 'अननोन एरर ५२४' हा मजकूर शोधते. आता तो येत नाही, म्हणून ती जुन्या कार्डाला नवं समजते. स्क्रिप्ट कोणी लिहिली म्हणून गिट ब्लेम केलं. चार वर्षांपूर्वी, मी. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

दुसरी: ग्राहकाचा बॅकअप प्रोग्राम. सुरू होताच तो स्नॅपशॉटची कमांड विचारून बघतो. २२ आला तर 'जुनं फर्मवेअर' असं धरून साध्या पद्धतीने बॅकअप घेतो. दुसरं काहीही आलं तर 'हार्डवेअर बिघाड' लिहून बाहेर पडतो. हा रोज रात्री दोनला आपोआप चालतो. माझा एका ओळीचा पॅच गेला असता तर सगळ्या जुन्या कार्डांवरचा बॅकअप त्या रात्रीपासून बंद.

धाकटा म्हणाला, "चूक त्यांची आहे ना भाऊ. मॅन्युअलमध्ये २५ लिहिलाय." लिहिलाय, खरं आहे. पण त्यांनी मॅन्युअल वाचून प्रोग्राम लिहिला नाही, आमचं कार्ड लावून लिहिला. कार्ड २२ म्हणालं, त्यांनी २२ लिहून घेतला. आपणच शिकवायचं आणि आपणच नापास करायचं, असं झालं.

कर्नलची जी प्रसिद्ध आज्ञा आहे, यूजरस्पेस मोडायचं नाही, तिच्यामागचं सगळ्यात गाजलेलं भांडणही एरर कोडचंच. डिसेंबर २०१२. व्हिडिओ उपकरणांच्या बाजूने एका आयऑक्टलमधून कोड २, म्हणजे 'अशी फाइल नाही', बाहेर जायला लागला. ऑडिओचे प्रोग्राम बिघडले, आणि दोष प्रोग्रामवर ढकलला गेला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तेव्हा जी भाषा वापरली ती इथे लिहिण्यासारखी नाही. आमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, आम्हाला शिव्या घालायला कोणी येणार नाही. ग्राहक फक्त पुढच्या वर्षीचं कंत्राट देणार नाही.

११ मे, सोमवार

२२ चा निकाल. ग्राहकांना आम्ही जी हेडर फाइल देतो तिच्यात नऊ कमांड आहेत. त्यातल्या तीन जुन्या फर्मवेअरवर चालत नाहीत. या तिघींना २२ कायम. उरलेल्या जगातल्या कुठल्याही अनोळखी नंबरला २५. वर टिप्पणी लिहिली, 'हे चुकीचं आहे, माहीत आहे, कोण अवलंबून आहे ते खाली वाचा', आणि खाली प्रोग्रामचं नाव व आवृत्ती. नंतर कोणी उत्साही पोरगा येईल आणि सफाई करायला जाईल, त्याच्यासाठी. मागच्या मंगळवारचा तो पोरगा मीच होतो.

५२४ चा बदल तसाच पुढे जाऊ दिला. पण सपोर्टला विचारलं तर ती स्क्रिप्ट दोन ग्राहकांना पेन ड्राइव्हवर दिलेली निघाली. म्हणून आधी स्क्रिप्टची नवी प्रत जाईल, जी दोन्ही मजकूर ओळखते, मग ड्रायव्हर.

दुपारनंतर जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ग्राहकाचा प्रोग्राम 'एस-ट्रेस' (यापुढे स्ट्रेस) या, सिस्टिम कॉल टिपणाऱ्या हत्याराखाली चालवला. स्ट्रेसला सांगता येतं, की अमुक सिस्टिम कॉलला, अमुकाव्या वेळी, अमुक एरर खोटाच परत दे. ड्रायव्हरला हात न लावता, कर्नल न बांधता, प्रत्येक कोड प्रोग्रामच्या तोंडावर फेकून बघता येतो. आयऑक्टलचे सगळे झाले. रीडचे उद्या.

१३ मे, बुधवार

काल काही झालं नाही. आज अडीच ते पाच लाइट नव्हती. यूपीएसवर टेस्टची मशीन ठेवली, माणसं कूलरविना. सर म्हणाले घरी जा. बाहेर पाहिलं आणि कोणीच गेलं नाही.

१४ मे, गुरुवार

आता मुख्य काम: खराब सेक्टरला मीडियम स्टेटस.

खऱ्या खराब डिस्कची वाट बघत बसायला नको, कर्नलमधला एससीएसआय डीबग मॉड्यूल आहे. तो मेमरीतून ८ एमबीची खोटी डिस्क उभी करतो. पर्याय २ दिला की सेक्टर ४६६० पासूनचे दहा सेक्टर 'वाचता येत नाहीत' म्हणतात. ४६६० म्हणजे हेक्समध्ये १२३४, कोणीतरी आळसात निवडलेला आकडा. आमच्या ड्रायव्हरआधी मुख्य कर्नल काय करतो ते बघून घेतलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'क्रिटिकल मीडियम एरर', सेक्टर नंबरसकट. बरोबर. मग डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने वाचलं.

साधं वाचलं तर ५ आला. डायरेक्ट, म्हणजे कॅशे टाळून, वाचलं तर ६१.

तीच डिस्क, तोच सेक्टर. पेज कॅशेमधून, म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेल्या प्रतीमधून, वाचताना खालचा तपशील गळून पडतो, पान भरलं नाही एवढंच उरतं, म्हणून ५. डायरेक्ट आयओमध्ये मध्ये कोणी नसतं, मीडियम स्टेटसचा नंबर जसाच्या तसा हातात येतो, आणि तो ब्लॉक लेयरच्या तक्त्यात ६१ आहे. ६१ चा मजकूर: 'नो डेटा अव्हेलेबल'. वाचताना जरा खटकलं, तेवढंच. आमच्या ड्रायव्हरमध्ये बदल केला, तसंच वागतो हे पाहिलं, डोकेदुखी घेऊन घरी.

१५ मे, शुक्रवार

ग्राहकाचा बॅकअप प्रोग्राम व्हॉल्यूम डायरेक्ट आयओनेच वाचतो.

नव्या ड्रायव्हरवर, मुद्दाम खराब केलेल्या सेक्टरसह चालवला. प्रोग्राम सुरळीत संपला. एक्झिट कोड ०. लॉगमध्ये शेवटी 'यशस्वी'. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाचता न येणारी डिस्क वाचून यशस्वी कसं होता येईल? बॅकअपची फाइल मूळ व्हॉल्यूमशी ताडून पाहिली. तिसरा मेगाबाइट पूर्ण शून्य.

खराब सेक्टर दहा, पण हा १ एमबीचे घास घेतो. घासात एक खडा निघाला आणि त्याने अख्खा घास टाकून दिला. आणि टाकला हे सांगितलं नाही.

सोर्स आमच्याकडे आहे, करारात आहे म्हणून. संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. त्यांनी वाचण्याचं एकच फंक्शन लिहिलंय. फाइलचे जादाचे अॅट्रिब्यूट आणायलाही तेच, ब्लॉक आणायलाही तेच. अॅट्रिब्यूटच्या बाबतीत ६१ म्हणजे 'असं अॅट्रिब्यूट इथे नाही', ही रोजची, निरुपद्रवी गोष्ट. म्हणून फंक्शनमध्ये एक ओळ: ६१ आला तर लांबी शून्य, पुढे चला. ब्लॉक वाचताना तीच ओळ लागू झाली. जुन्या ड्रायव्हरवर ५ यायचा, तेव्हा हाच प्रोग्राम तीनदा प्रयत्न करून बोंब मारून थांबायचा.

म्हणजे मी एरर जास्त खरा केला, आणि त्यामुळे एरर दिसेनासा झाला. २२ च्या वेळी प्रोग्राम बंद पडत होता, ते परवडलं. बंद पडलेलं सकाळी कळतं. हे कधी कळलं असतं? ज्या दिवशी बॅकअपमधून परत आणायची वेळ आली असती त्या दिवशी.

एक गोष्ट अजून पाहिली. एससीएसआय डीबगच्या डिस्कवरही प्रोग्राम हेच करतो. म्हणजे कुठल्याही साध्या सर्व्हरच्या डिस्कवर त्यांना ही खोट आजच आहे. इतकी वर्षं आमच्या ५ च्या आडोशाला झाकून राहिली.

१६ मे, शनिवार

सुट्टी. सकाळी तर्री पोहे खाताना बायको म्हणाली, "बोलून राहिले की मोजून राहिले?" बोटं टेबलावर सहा, एक, सहा, एक करत होती म्हणे.

१८ मे, सोमवार

६१ चा हा दुहेरी अर्थ थोरामोठ्यांनाही चकवून गेलाय, हे वाचून बरं वाटलं. एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्येही अॅट्रिब्यूट नसणं ६१ ने सांगतात. २०२५ मध्ये तिथे दुरुस्ती करावी लागली: अॅट्रिब्यूटचा ब्लॉक वाचतानाच डिस्कवर मीडियम एरर आला तर तो ६१ वर पोचायचा आणि वरच्या कोडला वाटायचं अॅट्रिब्यूटच नाही, वाईट प्रसंगी कर्नलच कोसळायचा. त्यांनी अॅट्रिब्यूटचे ब्लॉक वाचण्याच्या कोडमध्ये डिस्ककडून आलेला ६१ पकडून त्याचा ५ केला. फाइल सिस्टिमला हे करता येतं. आम्ही ब्लॉक लेयरच्या खाली आहोत, आम्ही फक्त स्टेटस देतो, नंबर आमच्या हातात नाही.

सरांनी पळवाट काढली. मीडियमऐवजी टार्गेट द्या. मल्टिपाथ टार्गेटलाही रस्त्याचा दोष मानत नाही, त्यामुळे मूळ तक्रार मिटते. टार्गेटचा नंबर १२१. स्ट्रेसने प्रोग्रामला १२१ देऊन बघितला: ओळखत नाही, बोंब मारून थांबतो. दोन्ही पक्षी मेले, ग्राहकाला फोनही करायला नको.

तासभर मलाही पटलं होतं. मग ११ तारखेची टिप्पणी पुन्हा वाचली. आज सोयीसाठी १२१ दिला की पाच वर्षांनी कोणीतरी आमच्या कार्डासमोर बसून '१२१ म्हणजे खराब सेक्टर' असं लिहून घेणार, आणि माझ्या जागी बसलेला माणूस त्या तीन कमांडींसारखी चौथी टिप्पणी लिहिणार. जुनी चूक सांभाळणं वेगळं. नवी जाणूनबुजून पेरायची नाही. सरांना हे एवढ्या नीट शब्दांत सांगता आलं नाही, थोडी वादावादी झाली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पण मग फोन तू कर."

तोडगा: मॉड्यूलला एक पॅरामीटर. बंद असेल तर पहिल्यासारखा आयओ एरर, चालू केला तर मीडियम. मूळ स्थिती बंद. मल्टिपाथवाल्या ग्राहकाकडे हा बॅकअप प्रोग्राम नाही, तपासून घेतलं. त्यांच्याकडे चालू करून देणार. बॅकअपवाल्यांचा प्रोग्राम दुरुस्त झाला की पुढच्या आवृत्तीत मूळ स्थिती उलटी.

१९ मे, मंगळवार

धाकट्याचा पॅच तपासला. कार्ड रिसेट होत असतानाच्या दोन-चार सेकंदांत आयओ आला तर त्याने 'ऑफलाइन' स्टेटस दिलाय, म्हणजे १९. "त्या वेळी डिव्हाइस खरंच नसते ना." नसते. पण एक्सएफएस मेटाडेटा लिहिताना ५ आला तर मूळ सेटिंगप्रमाणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, १९ आला तर डिव्हाइस कायमचं गेलं समजून लगेच फाइल सिस्टिम बंद करतो. कोड आल्यावर वरचा माणूस काय करणार, ते आधी बघायचं. शब्दकोशात काय अर्थ आहे ते नंतर. त्याला सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फोल्डरांत, एक्सएफएसच्या एरर फोल्डरमधली ही कोडवार सेटिंगं दाखवली. रिसेटच्या काळात मागण्या रांगेत थांबवून ठेवायच्या, कोड द्यायचाच नाही, असं ठरलं. पॅच तोच पुन्हा लिहितोय. चांगला लिहितो.

२१ मे, गुरुवार

जागा संपली: ५ ऐवजी २८. हा बदल निर्विवाद चांगला वाटला आणि आहेही. क्यूईमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची मूळ सेटिंग अशी, की लिहिताना २८ आला तर व्हर्च्युअल मशीन जागच्या जागी थांबवायची, इतर एरर आतल्या ओएसला कळवायचे. आतापर्यंत पूल, म्हणजे डिस्कच्या जागेचा साठा, भरला की ५ जायचा आणि आतली एक्स्ट४ फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसायची. आता मशीन थांबेल, जागा वाढवून पुढे चालू करता येईल. फक्त रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसाला ती हँग झाल्यासारखी दिसेल आणि तो रीबूट करेल. म्हणून सपोर्टच्या कागदावर एक ओळ वाढवली: मशीन 'पॉज्ड' दिसली तर आधी व्हर्शची (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं हत्यार) डॉमब्लकएरर ही कमांड चालवा, 'नो स्पेस' आलं तर रीबूट करू नका.

२५ मे, सोमवार

नवतपा लागला. कूलरमध्ये दुपारी दोनदा पाणी भरलं.

ग्राहकाला फोन. पलीकडचे गृहस्थ आधी चिडले: तुमच्या ड्रायव्हरमुळे आमचा प्रोग्राम का बदलायचा? रास्त प्रश्न. बदलू नका म्हटलं, पॅरामीटर बंद आहे, तुमचं काही बिघडणार नाही. मग एससीएसआय डीबगची कृती सांगितली आणि आमच्या कार्डाशिवाय, तुमच्याच मशीनवर करून बघा म्हटलं. तासाभराने त्यांचाच फोन आला. आवाज खाली आला होता. तिसऱ्या मेगाबाइटपर्यंत ते स्वतः पोचले होते. दुसऱ्या एका ठिकाणी साध्या डिस्कवर त्यांचा प्रोग्राम दोन वर्षं चालू आहे, हे त्यांनी सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

२९ मे, शुक्रवार

त्यांची नवी आवृत्ती आली. अॅट्रिब्यूटचं फंक्शन वेगळं, ब्लॉकचं वेगळं. ब्लॉक वाचताना कुठलाही एरर म्हणजे बोंब. स्ट्रेसने ५, ६१, १२१, २८ सगळे फेकून पाहिले, चारही वेळा एक्झिट कोड १. पॅरामीटर चालू करून मल्टिपाथवर खराब सेक्टर वाचला: वाचणाऱ्याला ६१, दोन्ही रस्ते उभे.

२२ बद्दल विचारलं, आता २५ पण घ्याल का? म्हणाले घेतलाय. तरी त्या तीन कमांडी तशाच ठेवल्या. जुनी आवृत्ती कुठेकुठे बसली आहे हे त्यांनाही माहीत नाही.

तिकीट बंद करताना लागलेला वेळ भरायचा होता: तीन दिवसांच्या जागी एकोणीस. सिस्टिमने कारण विचारलं, यादीत योग्य कारण नव्हतं, 'इतर' निवडलं. नव्या आवृत्तीचा टॅग सोमवारी मारतो. आज पुन्हा लाइट गेली आहे आणि बिल्ड मशीनचा यूपीएस आत्ताच तिसऱ्यांदा ओरडला.